मथळ्यात वाढवलेला गुन्हा

दैनिकात उपसंपादक होतो तेव्हा हुकूम न मानणाऱ्या माणसाला इंग्रजीतून मराठीत आणताना मी हमखास बढती देत असे. एका जवानाने वरिष्ठाला उलट उत्तर दिलं, काम नाकारलं. इंग्रजी बातमीत ‘इनसबॉर्डिनेशन’ होतं. मी छापलं ‘जवानाचे बंड’. सकाळी एका निवृत्त सुभेदारांचा फोन आला. “साहेब, बंड एकट्याने होत नसतं. लष्करी कायद्यात त्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे. पोराला कशाला लटकवता?” मी हसण्यावारी नेलं.

1946च्या फेब्रुवारीवर लेख लिहिला तेव्हाही तेच. मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या तळावरचे खलाशी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ यांविरुद्ध उठले, ते लोण कराचीपर्यंत गेलं. मी परिच्छेदागणिक ‘बंडखोर’ लिहीत गेलो. खलाशांनी स्वतः नेमलेल्या समितीच्या नावात मात्र ‘स्ट्राइक’ होतं, म्हणजे संप. ‘म्यूटिनी’ ही सरकारची भाषा. ज्यांची बाजू घेत होतो त्यांच्यावरचं आरोपपत्रच मी वाचत होतो, तेही गहिवरून.

ही दोन्ही प्रकरणं निभावली. तिसरं नाही.

एका तरुणावर भाषणावरून ‘सेडिशन’चा गुन्हा दाखल झाला. रात्रीची घाई होती, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे ‘राजद्रोह’ मला जुनाट वाटला, टिळकांच्या खटल्यातला, ‘देशद्रोह’ ठसठशीत. मथळ्यात दोघांना जागा सारखीच लागते, त्यामुळे तीही सबब नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 124अ सरकारविषयी अप्रीती पसरवण्याबद्दल होतं. देशाशी वैर धरल्याचा आरोप त्याच्यावर पोलिसांनीही ठेवला नव्हता. तो मी ठेवला. त्याच्या वडिलांचं गावात किराणा दुकान होतं. मथळ्याचं कात्रण कोणीतरी शटरवर चिकटवलं. उधारीवाली गिऱ्हाइकंसुद्धा यायची थांबली, असं आमच्या बातमीदाराने सांगितलं. पुढे मुलगा निर्दोष सुटला. आम्ही आतल्या पानात खुलासा छापला, जाहिरातींच्या खाली. मी त्या गृहस्थांना भेटायला गेलो नाही. जायचं ठरवत राहिलो.

1 जुलै 2024पासून त्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या 152व्या कलमात ‘राजद्रोह’ नाही आणि ‘देशद्रोह’ही नाही; देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्यं, अशी तिथली भाषा आहे. डेस्कवरच्या मंडळींनी मथळा लावण्याआधी ते कलम एकदा पुरतं वाचावं.