पिएझोला लाकूड ऐकू येत नाही

घरी गोड वाजणारी माझी अकूस्टिक गिटार स्पीकरला जोडली की पत्र्यासारखी का वाजते? मुलगी तर म्हणालीच, "बाबा, ही तुझी गिटार नाहीये!"

पिएझो बसतो सॅडलखाली. त्याला तारांचा दाब कळतो, पेटीतली हवा नाही. त्यात कपॅसिटन्स जेमतेम, समजा १ नॅनोफॅरड. मिक्सरच्या १० किलोओहम इनपुटला थेट जोडलात, तर १६ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं घसरायला लागतं. मध्ये १० मेगाओहम इनपुटचा प्रीॲम्प घातला, की हीच सीमा १६ हर्ट्झवर येते. जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे खर्ज शाबूत. मग १ ते ३ किलोहर्ट्झ जरा उतरवायचं.

लाकूड मात्र माइकच आणतो: बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर लांब. मी दोन्ही मिसळतो. फीडबॅक आला तर माइक कमी. तेवढी तडजोड चालते!