चांदीचं पाणी

गेल्या आठवड्यात काकांकडे गेलो होतो. ओट्यावर काचेचा ग्लास, त्यात डिस्टिल्ड वॉटर, दोन चांदीच्या तारा आणि त्यांना जोडलेल्या बॅटऱ्या. काका अभिमानाने म्हणाले, "कोलॉइडल सिल्व्हर. आम्ही दोघं रोज दोन चमचे घेतो. अँटिबायोटिक लागतच नाही!"

हसू नका. काका अडाणी नाहीत, आयुष्यभर वायरमनचं काम केलंय. 2021 च्या एप्रिलमध्ये काकूच्या रेमडेसिव्हिरसाठी आम्ही दोघं पाच तास रांगेत उभे होतो. रिकाम्या हाताने परतलो. काकू वाचली, पण काकांचा विश्वास तिथेच गेला. तेव्हापासून एकच धोशा: आपलं औषध आपल्या घरात हवं.

अमेरिकेत मोंटानाच्या स्टॅन जोन्स यांना हेच वाटलं होतं. 2000 साल उजाडताच कॉम्प्युटर बंद पडतील, अँटिबायोटिक मिळणार नाहीत, या भीतीने ते घरीच हे पाणी करून प्यायले. कॉम्प्युटर चालू राहिले, जोन्स मात्र निळसर-राखाडी झाले. 2002 ला सिनेटची निवडणूक लढवली ती त्याच रंगात. याला आर्जिरिया म्हणतात. चांदी त्वचेत साठते आणि रंग सहसा जात नाही.

काकांना फोटो दाखवला. म्हणाले, "तो गोरा म्हणून दिसलं. आपल्यात काय कळणार?" यावर काय बोलणार!

चांदी जंतू मारते हे खरंच आहे. भाजलेल्या जखमेच्या मलमात सिल्व्हर सल्फाडायझिन असतं. पण ते वरून लावायचं. पोटात घेतलेल्या चांदीचा शरीराला काही उपयोग नाही. अमेरिकेच्या एफडीएने 1999 सालीच सांगितलं, की कोलॉइडल सिल्व्हर कुठल्याही आजारावर सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही. त्यात घरच्या ग्लासात चांदी किती उतरली, हे मोजणार कोण?

शेवटी वाद सोडला आणि विचारलं, "काकू थायरॉईडची गोळी कधी घेते?"
"सकाळी. या पाण्याबरोबरच."

चांदीमुळे थायरॉक्सिन आणि काही अँटिबायोटिक अंगी नीट लागत नाहीत, हे सांगितल्यावर काका गप्प झाले. उठून बॅटऱ्या काढल्या. काकूची थायरॉईडची तपासणी आता करून घेतोय.

तुमच्या घरी कुणी हे करत असेल तर चिडू नका, थट्टा तर मुळीच नको. आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारा. आणि हो, माणसं बॅटऱ्या-तारांपर्यंत का पोचतात, याचं उत्तर त्या पाच तासांच्या रांगेत आहे. ते व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलून चालणार नाही.