मावळातली घरं : घरी पाठवलेली पत्रं

कार्ले, गुरुवार

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

मळवलीला उतरून सकाळीच भाजे गाठलं. लहानपणी तुम्ही आम्हाला इथे आणलं होतंत तेव्हा मूर्ती पाहिल्या. या खेपेला मी घर पाहायला आले आहे. आपल्या वाड्याचा विषय डोक्यात असल्यामुळे असेल, पण नजर सारखी तुळया, चौकटी, कठड्यांवर जात होती.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या या चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत. लाकडी छपराचा भार पेलायला खांब तिरके रोवत, आणि पाथरवटांनी तो तिरकेपणा दगडातही जसाच्या तसा ठेवला. दगडाला त्याची काहीच गरज नव्हती. दर्शनी बाजूची लाकडी पडदी केव्हाच गेली, तुळया बसवायच्या खाचा तेवढ्या उरल्या. कमानीच्या दोन्ही अंगांना मात्र सज्जे, जाळीच्या खिडक्या, कठडे असे कोरले आहेत की त्या काळच्या माडीच्या घराचं दर्शनी अंग समोर उभं राहतं. खरी घरं पार नाहीशी झाली, त्यांची नक्कल टिकली. शेजारच्या विहारात भिक्षूच्या खोलीतला दगडी ओटा पाहिला. त्यावर हात ठेवला तर भर उन्हातही गार.

कार्ल्याला छताच्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या! तिथल्या लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह पुरं केल्याचं नोंदलं आहे. सुमारे 124 फूट लांबीच्या त्या दालनात उभं राहिल्यावर त्याचा अभिमान मला रास्त वाटला. खांबाखांबावर देणगीदारांची नावं आहेत, त्यात धेनुकाकटाचे यवनही आहेत. म्हणजे कोणी बांधलं, कोणी पैसे दिले, ते आजही वाचता येतं.

तळेगाव दाभाडे, शनिवार

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

इंदुरीची गढी पाहून आले. इंद्रायणीच्या काठी सेनापती खंडेराव दाभाड्यांनी बांधलेली. शाहू महाराजांनी त्यांना 1717 मध्ये सेनापतिपद दिलं, गढी त्यानंतरची. दरवाजा दणकट आहे, खाली घडीव दगड आणि वर विटा. आत शिरलं की मन उदास होतं. कडजाई देवीचं देऊळ जागतं आहे, पण वाड्याच्या जागी रान माजलंय. इथे कोण कुठे राहत असेल, सदर कुठे, मुदपाकखाना कुठे, हे सांगणारं काही उरलेलं नाही.

याच घराण्यातल्या उमाबाई. 1731 मध्ये डभईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडला, तरी पुढच्याच वर्षी त्या अहमदाबादेवर फौज घेऊन गेल्या. अशा बाईचं घर कसं होतं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं.

गावात पैसा फंडाच्या काच कारखान्याचीही चौकशी केली. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून निधी उभा केला, लोकमान्यांनी तो उचलून धरला आणि 1908 मध्ये इथे काच बनू लागली. माझ्या मते पुण्यातल्या कोणत्याही वाड्याइतकाच हा इतिहास मोलाचा आहे.

लोणावळा, सोमवार

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

हे गाव रेल्वेने वाढवलं. 1863 मध्ये बोरघाट खुला झाला, 25 बोगद्यांचा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आल्यावर लवकरच वारला, आणि त्याच्या बायकोने, अॅलिसने, काम पुढे चालवलं. उमाबाईंच्या गावाहून आल्यामुळे मला तिचं फार कौतुक वाटलं.

खंडाळ्याच्या वाटेवर एक बंद बंगला माळ्याने उघडून दाखवला. काळ्या दगडाचं उंच जोतं, तिन्ही बाजूंनी ओसरी, उतरतं मंगलोरी छप्पर. कोपऱ्यात रचलेलं एक कौल त्याने उलटं करून दिलं, तर मागे कारखान्याचा ठसा, अक्षरं अजून स्पष्ट. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये असा कारखाना काढला, मग बाकीचे निघाले. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे दोन पावसाळे कौलं परतली नाहीत की वासे कुजलेच. या बंगल्याचे कुजले आहेत. पलीकडचा प्लॉट मोकळा झालाय, तिथे इमारत येणार. स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम 1924 पासून चालू आहे, वळवणचं धरणही टाटांच्या खोपोलीच्या वीजघराला पाणी देतं आहे. ती ठिकाणं रोजच्या कामामुळे राहिली. बंद बंगल्यांना वाली नाही.

इंग्लंडमध्ये 1867 पासून लंडनच्या घरांवर पाट्या लावतात, कोण कधी इथे राहिलं ते सांगणाऱ्या. आपल्याकडे पाटी सोडा, साधं मोजमापही नसतं.

नाना, वाडा पाडायचं तुम्ही ठरवलंत त्याबद्दल माझी तक्रार नाही. छपराचा खर्च आपल्याला झेपणारा नाही, हे मलाही दिसतं. पण पाडकामवाल्याला दिवाळीपर्यंत थांबवा. चौक, माजघर, माडीचा जिना, देवघराची चौकट, सगळं फूटपट्टीने मोजून कागदावर उतरवू, फोटो काढू. आणि कोणत्या पिढीने काय बांधलं ते तुम्ही सांगा आणि आत्याकडून लिहून घ्या. तुमच्याशिवाय ते आता कोणालाही सांगता येणार नाही.

आपली,
सुधा