मीं मोडींत काढलेला चित्रपट

इसवी सन २००५ सालीं मी इयत्ता नववींत होतों आणि जगांतील बहुतेक गोष्टींविषयीं माझीं मतें कायमचीं ठरून गेलीं होतीं. त्यांपैकीं एक मत मीं शाळेच्या भित्तिपत्रकांत सुवाच्य अक्षरांत लिहून लावलें होतें. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' या नांवाचा जो इंग्रजी चित्रपट आदल्या वर्षीं प्रसिद्ध झाला, त्यानें ज्यूल व्हर्नच्या कादंबरीची केवळ विटंबना केली आहे, असें तें मत होतें. फिलिअस फॉग या इंग्रज गृहस्थाच्या चाकराचें, पासपार्तूचें, काम जॅकी चॅन या हाँगकाँगच्या नटाला देऊन दिग्दर्शकानें पृथ्वीप्रदक्षिणेचा आखाडा केला, असें एक वाक्य त्यांत होतें. तें मला फार आवडलें होतें. चित्रपटांत एकच गोष्ट मूळ ग्रंथाशीं इमान राखणारी आहे व ती म्हणजे पॅरिसहून उडणारा फुगा, असेंही मीं मोठ्या औदार्यानें नमूद केलें होतें.

अशा मताला त्या वेळीं जगांत पाठिंबा पुष्कळ होता. फ्रँक कोरासी यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला सुमारें ११ कोटी डॉलर खर्च आला आणि तिकिटांपासून सुमारें ७ कोटीच हातीं आले. वाईटांतल्या वाईट चित्रपटांना थट्टेनें जीं 'गोल्डन रास्पबेरी' पारितोषिकें देतात, त्यांच्या नामावलींतही त्याची वर्णी लागली. १९५६ सालच्या, डेव्हिड निव्हनच्या चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटाचें ऑस्कर मिळालेलें असल्यामुळें तुलना करणें तर अगदींच सोपें होतें. मीं तो जुना चित्रपट पाहिलेला नव्हता; पण तुलना केली.

माझा धाकटा भाऊ तेव्हां तिसरींत होता. भाड्यानें आणलेली तबकडी त्यानें दोन दिवसांत चार वेळां पाहिली होती. उशा रचून त्यांवरून उड्या मारणें, आईचा झाडू गरगर फिरविणें, हें सारें चालू होतें. आणि दर वेळीं "दादा, हें बघ, दादा, आतां बघ," असा गजर. माझ्या लेखाच्या शेवटीं मीं लिहिलें कीं, हा चित्रपट तिसरींतल्या मुलांनाच आवडण्याजोगा आहे, आणि उदाहरणादाखल 'आमच्या घरच्या एका प्रेक्षकाचें' यथासांग वर्णन केलें. लेख लागला त्या दिवशीं मधल्या सुटींत माझ्याच वर्गांतल्या मुलांनीं त्याला गांठून, "काय पासपार्तू, झाडू कोठें आहे?" म्हणून रडकुंडीला आणलें. संध्याकाळीं तो कांहीं बोलला नाहीं. तबकडी परत करण्याची मुदत दुसऱ्या दिवशींची होती. ती त्यानें त्याच संध्याकाळीं एकट्यानें जाऊन दुकानांत देऊन टाकली. त्यानंतर आम्हीं दोघांनीं मिळून कितीतरी चित्रपट पाहिले. परंतु प्रत्येक वेळीं "तुला कसा वाटला?" असें तो आधीं मला विचारी, आणि मग स्वतः बोले.

गेल्या दिवाळींत त्याच्याकडे गेलों असतां त्याच्या सात वर्षांच्या मुलीनें नेमका हाच चित्रपट लावण्याचा हट्ट धरला. भाऊ सहज म्हणाला, "तो नको, तुझ्या काकाला आवडत नाहीं." त्याच्या बोलण्यांत राग मुळींच नव्हता, आणि तेंच मला लागलें. मीं म्हटलें, "लाव."

पॅरिसच्या प्रसंगांत पासपार्तूला मारेकरी गांठतात तें चित्रकारांच्या जागेंत. त्याच्यापाशीं शस्त्र नाहीं. रंग आहेत, कुंचले आहेत आणि मागें एक ताणलेलें कापड आहे. ठोशागणिक रंग उडतो, चुकविलेला वार कापडावर उमटतो, आणि मारामारी संपते तेव्हां एक चित्र तयार झालेलें असतें. पुतणी टाळ्या पिटीत होती. माझ्या मनांत मात्र आलें कीं, या माणसाला मारण्याची हौस कोठें आहे? हाताशीं येईल त्या वस्तूच्या आड लपावें, जमल्यास निसटावें, न जमल्यास त्याच वस्तूनें समोरच्याला गोंधळांत पाडावें, हीच त्याची विद्या. आणि चेहऱ्यावर सबंध वेळ भीति. १९५४ सालीं जन्मलेला हा नट लहानपणीं हाँगकाँगमध्यें पेकिंगच्या संगीत नाटकाचें शिक्षण देणाऱ्या एका निवासी शाळेंत वाढला. गाणें, अभिनय, कसरत, शस्त्रांचे हात, सगळें तेथें एकाच कडक गुरूच्या छडीखालीं शिकावें लागे. सामो हुंग हा त्याच शाळेंतला त्याचा थोरला गुरुबंधु. चित्रपटांत चीनमधील गांवीं मदतीला धांवून येणाऱ्या 'दहा वाघां'पैकीं वाँग फेइ-हुंग याची भूमिका सामो हुंगची आहे. हा वाँग खरोखरीच होऊन गेलेला, दक्षिण चीनमधला नांवाजलेला मल्ल व वैद्य. १९७८ सालीं 'ड्रंकन मास्टर' या चित्रपटांत त्याचें काम स्वतः जॅकी चॅननें केलें होतें. आपण गाजविलेली भूमिका थोरल्या गुरुबंधूच्या अंगावर चढलेली पाहात तो शेजारीं उभा आहे! हें लिहीत आहें तो शाळेचा अंक आहे. तेव्हां या दृश्यापाशीं मी जरा अधिक रेंगाळलों तर वाचकांनीं समजून घ्यावें.

घरीं परतल्यावर कादंबरीचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर मीं आयुष्यांत प्रथमच वाचलें. नववींत वाचला होता तो शंभरेक पानांचा मराठी संक्षेप, आणि त्याच्या मुखपृष्ठावर फुगा होता. १८७२ सालीं पॅरिसच्या 'ल ताँ' या वृत्तपत्रांत क्रमशः आलेल्या या कादंबरींत फॉगसाहेब एकदांही फुग्यांत बसत नाहींत! तो फुगा १९५६ च्या चित्रपटानें आणला. उलट पहिल्याच प्रकरणांत पासपार्तू नव्या धन्याला आपली हकीकत सांगतो कीं, मीं सर्कशींत घोड्यावर कसरती केल्या, दोरावर नाचलों, पुढें व्यायामशिक्षक झालों आणि नंतर पॅरिसच्या आगीच्या बंबावर होतों. आपल्या मुंबईंत उतरल्यावर तो मलबार हिलवरील देवळांत बुटांसकट शिरतो. पुजारी त्याला खालीं पाडून बूट ओढून काढतात. तेव्हां ठोसे आणि लाथा यांनीं दोघांना लोळवून तो अनवाणी पळत सुटतो आणि रात्रीं आठांची गाडी सुटण्यास पांच मिनिटें उरलीं असतां स्टेशनांत पोंचतो. योकोहामास तो लांब नाकें लावलेल्या कसरतवाल्यांच्या मनोऱ्याच्या तळाशीं असतो, आणि धन्याला पाहून तेथून निसटतो तसा सारा मनोरा कोसळतो. अमेरिकेंत तर धांवत्या आगगाडीच्या डब्यांखालून सरपटत जाऊन तो इंजिन सोडवितो. जॅकी चॅननें जन्मभर दुसरें काय केलें? ज्या ग्रंथाच्या नांवानें मीं न्यायनिवाडा केला, त्यानें माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

आणखी एक गोष्ट. कादंबरींत कोळसा संपल्यावर फॉग 'हेन्रिएटा' जहाजाचें लांकूड भट्टींत घालून अटलांटिक ओलांडतो. चित्रपटांत जहाज मोडून त्याच लांकडाचें विमान होतें. हा बदल मला आतां विटंबना वाटत नाहीं.

दोष नाहींत असें नव्हे. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची कन्या औदा, जिला कादंबरींत पासपार्तूच चितेवरून उचलून आणतो, तिला चित्रपटांत जागाच नाहीं. तिच्याऐवजीं एक फ्रेंच चित्रकर्ती आहे. ही हानि मोठी. लॉर्ड केल्विनसारख्या शास्त्रज्ञाला कपटी विदूषक बनविलें, तेंही मला रुचलें नाहीं. वाळवंटांत भेटणाऱ्या राइट बंधूंचें मात्र हसूं आलें: कादंबरीच्या सालीं थोरला पांच वर्षांचा होता आणि धाकटा एक वर्षाचा.

नाताळच्या सुटींत भाऊ सहकुटुंब आमच्याकडे आला, तेव्हां मीं त्याला हें सारें सांगितलें. फुग्याचेंही सांगितलें.

"म्हणजे दादा, तुझा लेख चुकला होता."

"चुकला होता."

"आणि मला त्यांत घातलेंस तें?"

मीं नांव घातलें नव्हतें; पण हें बोलण्याची ती वेळ नव्हे, इतकें शहाणपण आतां आलें आहे. "तेंही," मीं म्हटलें.

रात्रीं मीं होऊन चित्रपट लावला. तो प्रथम दारांतच उभा होता. पॅरिसचा प्रसंग सुरू झाला तसा तो मुलीच्या शेजारीं येऊन बसला आणि हळूच तिच्या कानांत सांगूं लागला, "आतां वांकेल बघ. आतां मागें सरेल. आतां कुंचला." पडद्यावरचें सारें त्याच्या शब्दांमागून क्षणभरानें घडत होतें.