खालून वर वाचायचे दगड

उरणची लोकल बेलापूर सोडून पनवेलची खाडी ओलांडते, तेव्हा मी वाचत असलेले पुस्तक मिटून ठेवते. ओहोटीचा चिखल, खारफुटी, एखादी आडवी पडलेली होडी. नवी मुंबईत राहणाऱ्या आम्हा माणसांना आपले शहर सिडकोपासून, म्हणजे 1970 पासून सुरू झाले असे वाटत असते. पण या खाडीपलीकडे, उरणजवळच्या रानवड आणि चांजे या गावांत सोमेश्वराचे शिलालेख सापडले आहेत, शके 1181 आणि 1182 चे. उत्तर कोकणचा हा शेवटचा शिलाहार राजा. पुढे पाचेक वर्षांत देवगिरीच्या महादेव यादवाने गजदळ घेऊन कोकणावर स्वारी केली. सोमेश्वर समुद्रात शिरला आणि समुद्रातच संपला. यादवांच्या हेमाद्रीने ते लिहून ठेवले आहे.

राजाची गोष्ट लिहिली गेली. त्या लाटांवर वल्ही मारणाऱ्यांचे काय झाले, हे पाहायला मी बोरिवलीजवळच्या एक्सरला गेले.

1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये एक्सरच्या सहा वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची, नोंद आहे. आता भोवती इमारती उठल्या आहेत, पण शिळांपाशी गेले की रस्त्याचा आवाज मागे पडतो. सर्वांत उंच शिळा दहा फुटांच्या घरातली. अनेक अभ्यासक या शिळा सोमेश्वर आणि महादेव यांच्या याच युद्धाच्या मानतात. सगळ्यांचे त्यावर एकमत नाही. कोरलेले मात्र स्पष्ट दिसते: जमिनीवरची लढाई, हत्ती, आणि समुद्रात उतरलेली गलबते.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी रण, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर कलश. म्हणून आधी मातीत उकिडवे बसावे लागते. मी बसले. डोळ्यांसमोर एक गलबत आले: उंच नाळ, मधोमध डोलकाठी, आणि कडेला एकाच कलात झुकलेली वल्ह्यांची ओळ. वाऱ्यापावसाने माणसांचे नाकडोळे पुसून गेले आहेत. वल्ही तेवढी शाबूत आहेत. मी त्यांवरून बोट फिरवले. खाच, उंचवटा, पुन्हा खाच. पाथरवटाने एकेक वल्हे वेगळे कोरले होते. त्याने घाई केली नव्हती.

मग हळूहळू उठत, वाकून, शेवटी मान वर करून कैलासापर्यंत पोहोचले. शिळेने मला आधी मेलेल्या माणसाच्या पातळीवर बसवले आणि त्याच्याबरोबरच उभे केले. वीरगळाला नमस्कार कसा करायचा, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

इंग्लंडातल्या खेड्यांत चर्चच्या आवारात जुन्या कोरीव कबरी असतात. त्यांवर नाव, जन्म, मृत्यू सारे कोरलेले असते. गवत बाजूला सारून माणूस आपले आडनाव शोधतो. एक्सरला मला नाव शोधायचेच नव्हते. तो कसा लढला, कुठे पडला आणि मागे राहिलेल्यांनी त्याला कुठवर पोहोचवले, एवढे दगड सांगतो. नाव नसल्यामुळे तो कुणा एका घराण्याचा उरत नाही, साऱ्या गावाचा होतो. गावोगावी लोकांनी अशा शिळांना शेंदूर लावला, देव मानले. इतिहास विसरला तरी ऋण विसरायचे नाही, ही आपल्या गावांची रीत मला फार मोठी वाटते.

परतताना बेलापूरच्या दिवाळे गावात गेले. धक्क्यावर होड्या दोरखंडाने बांधलेल्या होत्या, नाळ वर उचललेली. भरती लागत होती. एक कोळीदादा होडीत उतरले, त्यांनी वल्हे उचलले आणि पाण्यात घातले. माझ्या बोटांना दगडातली ती खाच पुन्हा जाणवली.