आगटीभोवती

रब्बीच्या ज्वारीचे दाणे हिरवे, कोवळे असतात, त्या पौषातल्या थंडीत आमच्या अंगणात सायंकाळी आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसे भाजावयाची, तळहातांवर चोळून कोंडा फुंकावयाचा आणि ऊन ऊन हुरडा पाहुण्यांना द्यावयाचा. सोबत जवसाची चटणी, दही आणि गूळ.

एका वर्षी शेजाऱ्यांचे पीक पावसाअभावी गेले. बोलावणे जाऊनही ते दाराशीच घुटमळले. आजीने पहिली ओंजळ त्यांच्या हाती दिली आणि भाजलेले कणीस पुढे करून म्हणाली, "दादा, हे आता तुम्ही चोळा, लेकरं खोळंबली आहेत."

ते आगटीशी बसले. चोळलेला हुरडा मुलांना वाटताना त्यांच्या चेहऱ्यावरील संकोच मावळला. पाहुण्याला पोटभर वाढावे, तसेच त्याच्या हातूनही कुणाला काही मिळू द्यावे, हे मी त्या रात्री शिकलो.