तिघांसाठी सात सीट्स?

‘‘अगं, घ्यायचीच तर मोठी घेऊ. आई-बाबा आले की सगळे एकाच गाडीतून!’’

दादाचा हा फंडा गेले सहा महिने ऐकतेय. खरं तर त्याची फॅमिली म्हणजे तो, वहिनी आणि पाच वर्षांचे चिरंजीव. दारात दहा वर्षांची, अजून नीट चालणारी छोटी गाडी. पण साहेबांच्या डोक्यात तीन रांगांची धिप्पाड एसयूव्ही बसली होती. शोरूममधून रोज फोन, ऑफिसमधल्या निम्म्या कलीग्जकडे ऑलरेडी तीच गाडी. शेवटी वहिनीने अट घातली. बुकिंगचे पैसे भरायच्या आधी तशीच गाडी दोन दिवस भाड्याने आणायची, साताऱ्याहून आई-बाबांना बोलवायचं आणि सगळ्यांनी दिवेआगरला जायचं. पास झाली तर घ्यायची. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमच्या भोवती मारलेली चक्कर नव्हे, हे वहिनीचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. तसंही वीकेंडला समुद्र फुकट मिळत असेल, तर नाही कोण म्हणणार?

पाटावरून गाडीत

शनिवारी पहाटे साडेपाच. कोथरूडच्या सोसायटीत गाडी उभी होती, पण तिच्यात शिरायचं कसं हा प्रश्न होता. आमच्या पार्किंगची रुंदी अडीच मीटर. गाडी जवळजवळ १.९ मीटर. उरले साठ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक फूट. तेवढ्या फटीतून दार उघडून बाहेर पडायला योगासनं यावी लागतात. शिवाय बाजूला खांब.

गाडी बाहेर काढली, तर आईचा गुडघा आडवा आला. पायरी एवढी उंच, की वहिनी पळत जाऊन देवघरातला पाट घेऊन आली. आई पाटावर उभी राहून, वरचं हँडल धरून, ‘‘अरे, एसटीत चढणं सोपं होतं,’’ म्हणत आत बसली. तो पाट मग दोन दिवस आमच्याबरोबर फिरला.

पुढे दादा आणि बाबा. मधल्या रांगेत आई, वहिनी आणि चिरंजीव. आणि ती सुप्रसिद्ध तिसरी रांग? तिथे मी. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट्स उभ्या ठेवल्या तर सहाजणांच्या बॅगांना डिकीत जागाच उरत नव्हती. म्हणून एक सीट पाडली आणि दुसरीवर मी, गुडघे हनुवटीला लावून. सातजण बसतात हे खरं, आणि सामान मावतं हेही खरं. पण दोन्ही एकाच वेळी खरं नाही, बॉस!

ताम्हिणीची वळणं

पौड गेलं, मुळशीचं पाणी दिसायला लागलं. मधल्या रांगेतून ‘वॉव’, ‘अय्या, धुकं बघ’ असे आवाज येत होते. मला मात्र छोट्या खिडकीतून फक्त दरडीचा खालचा भाग दिसत होता. घाट सुरू झाला आणि ‘आत्याजवळ बसायचं’ म्हणून चिरंजीव मागे आले. आईने माझ्या शेजारच्या बॅगा मांडीवर घेतल्या. तिसरी रांग असते मागच्या चाकांच्या जवळजवळ वर. प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसतो आणि वळणावर मागची माणसं जास्तच हेलकावतात. सहाव्या-सातव्या वळणाला चिरंजिवांचा चेहरा हिरवा झाला. पुढचं वर्णन करत नाही. पिशवी वेळेवर मिळाली, एवढंच!

पण गाडीचंही सांगायला हवं. माणगावला हायवे ओलांडून म्हसळा, बोर्ली पंचतन करत दिवेआगरला पोचलो, तेव्हा आई-बाबा ताजेतवाने होते. छोट्या गाडीत त्यांची कंबर धरते. इथे उंच बसल्यामुळे रस्ता लांबवर दिसत होता आणि खराब पट्ट्यात गाडीचं पोट कुठे घासलं नाही. मधल्या रांगेला दहापैकी नऊ मार्क. प्रश्न एवढाच, की मधल्या रांगेच्या सुखासाठी तिसरी रांग विकत घ्यायची का?

गडग्यांमधली कसरत

दिवेआगर पाहिलंय ना तुम्ही? नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये जांभ्या दगडाचे गडगे आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या, बैलगाडीच्या मापाच्या गल्ल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या कितीतरी पोफळी आडव्या झाल्या. आमच्या होम-स्टेच्या काकांनी पुन्हा रोपं लावली, ती आता कुठे खांद्याच्या वर गेलीत. एवढ्या वर्षांत गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

दादाने दोन्ही आरसे मिटले. वहिनी खाली उतरून ‘येऊ दे, येऊ दे, थांब!’ करत पुढे चालली. आणि समोरून नारळांचा टेम्पो! मग दीडशे फूट रिव्हर्स. काका गडग्याला टेकून शांतपणे बघत होते. म्हणाले, ‘‘गेल्या महिन्यात अशाच गाडीनं हा कोपरा पाडला. तुमची छोटी गाडी असती, तर एव्हाना चहा झाला असता.’’

दुपारी उकडीचे मोदक झाल्यावर दादाचा मूड परत आला. संध्याकाळी आरावी, कोंडिवलीवरून श्रीवर्धनला निघालो. तो समुद्राला लागून जाणारा रस्ता, खिडक्या उघड्या, बाबांनी सुरू केलेली अंताक्षरी... सॉलिड धमाल! आमच्या लहानपणी काकांच्या टाटा सुमोत मागच्या समोरासमोरच्या सीट्सवर आम्ही सगळी भावंडं कोंबलेली असायचो, अगदी तसंच. (ही सुमो १९९४ साली आली. नाव सुमंत मुळगावकरांच्या नावावरून. २०१९ मध्ये ती बंद झाली.) तेव्हा मला कळलं, दादाला गाडी नकोच आहे. त्याला हे हवंय. आणि त्याचं चूक नाही. दोन गाड्यांमधून अंताक्षरी होत नाही.

वहिनीचा हिशेब

रात्री अंगणात वहिनीने मोबाइलमधले वर्षभराचे फोटो उघडले. ‘‘आपण सहाजण एकत्र कितीदा गेलो?’’ दोनदा. एकूण पाच दिवस. बाकीचे ३६० दिवस? दादा एकटा हिंजवडीला जातो, आणि त्याच्या मागे सहा सीट्स रिकाम्या.

मग आकडे. मोठ्या गाडीसाठी अठरा लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण ३७ हजार. छोटीसाठी सात लाखांचं कर्ज घेतलं तर साडेचौदा हजार. फरक वर्षाला पावणेतीन लाखांच्या आसपास. आणि आत्ता आणलेल्या गाडीचं दोन दिवसांचं भाडं? साडेदहा हजार. म्हणजे वर्षातल्या त्या पाच दिवसांसाठी सव्वीस हजार खर्चले की काम भागतं.

यात टॅक्स आलाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या एसयूव्हींवर ४०. इंधनाचंही तसंच. साडेतीनशे किलोमीटरच्या या फेरीत गाडीने लिटरला साडेअकरा दिले. आमची जुनी छोटी गाडी याच रस्त्यावर सतरा देते.

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘पण गाडी असली तर आपण जास्त जाऊ ना?’’

इतका वेळ सुपारी कातरत बसलेली आई म्हणाली, ‘‘मागच्या वर्षी आम्ही गणपतीत चार दिवस वाट बघितली. तू आलास दीड दिवस, लॅपटॉप घेऊन. गाडी तेव्हाही होती. मोठी गाडी नको रे, सुट्टी मोठी घे.’’

यावर कोण काय बोलणार? वहिनीने मोबाइल बंद केला.

सोमवारी दादाने शोरूमला ‘सॉरी’ कळवलं. नवी गाडी चार मीटरच्या आतलीच घ्यायचं ठरलंय. आणि दिवाळीसाठी त्याने दोन गोष्टी आधीच बुक केल्यात. पाच दिवसांची रजा आणि भाड्याची सात सीटर. पाट वहिनीने बाजूला काढून ठेवलाय.

बुकिंगच्या आधी एवढं करा

* गेल्या वर्षी पाचपेक्षा जास्त माणसं गाडीत किती दिवस होती, ते मोजा. महिन्यातून दोन-तीनदा असेल, किंवा आजी-आजोबा तुमच्याच घरी राहत असतील, तर मोठी गाडी खुशाल घ्या.
* तिसऱ्या रांगेत स्वतः तासभर बसा, तेही घाटात. मुलांना बसवून ‘मस्त आहे’ म्हणू नका.
* सगळ्या सीट्स उभ्या ठेवून डिकीत खऱ्या बॅगा भरून बघा.
* आपलं पार्किंग टेपने मोजा. खांबासकट!
* मोठी गाडी म्हणजे फोर बाय फोर नव्हे. बऱ्याचशा तीन रांगांच्या गाड्या दोनच चाकांवर ओढतात.
* घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ माणसाला चढून-उतरून बघू द्या. पाटाशिवाय.